जुंपून बघा

आमच्या पाटण तालुक्यात कुणी जुनी डिझेलची फोर-व्हील जीप दारात आणली की पेढे वाटतात, बॉनेटला झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढं घेतात. माझं म्हणणं असं, की त्यातल्या बऱ्याच घरी त्या दिवशी पेढा खायला जाऊ नये, समाचाराला जावं.

हे वाचून तरणी पोरं रागावतील. रागावू देत. मी जीपच्या विरोधात नाही. डोंगरावरच्या आमच्या वाड्यांना तिच्यावाचून गत नाही. माझा राग आहे तो ती घेण्याच्या रीतीवर, नि घेतल्यावर सांभाळण्याच्या रीतीवर.

आमचे आबा पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतून बैल आणायचे. दिवसभर बाजारात हिंडायचे. बैलाचा जबडा उघडून दात बघायचे, खूर उचलून बघायचे, वशिंडावरून हात फिरवायचे, खांद्याला जुनी जखम आहे का चाचपायचे. शिंगं रंगवलेल्या, अंगावर झूल टाकलेल्या बैलाजवळ तर ते आधी झूल काढायला लावत. मग चालवून बघायचं, वाकवून बघायचं नि शेवटी औताला जुंपून बघायचं. एवढं झाल्यावर उपरण्याखाली बोटं धरून भाव व्हायचा. मी लहान असताना एकदा एका पांढऱ्याशुभ्र खोंडावर भाळलो होतो. आबा म्हणाले, "दिसाय समदीच गोजिरी असत्यात. वढतोय का बघावं."

त्याच आबांचा नातू, म्हणजे माझा पुतण्या, जुन्या गाड्यांच्या एका आवारात गेला आणि पाऊण तासात टोकन देऊन आला. मी विचारलं, "काय काय बघितलंस?"

"काका, रंग बघा की! डाग न्हाई कुठं. टायर नवीन. मीटरला फक्त पंच्याऐंशी हजार."

"खाली शिरून बघितलंस?"

"खाली काय बघायचंय?"

बैलाचा जबडा उघडणाऱ्या घरात दोन पिढ्यांत हा प्रश्न तयार झाला. पुतण्या एकटा असा असता तर मी हे लिहायला बसलो नसतो.

आता खाली काय बघायचं ते सांगतो. गोष्ट सहा-सात वर्षांमागची, आषाढातल्या रात्रीची. आमच्या वरच्या वाडीतली एक बाई अडली. १०८ ला फोन लागला, गाडी आलीसुद्धा. पण डांबरी जिथं संपते तिथं थांबली. तिथपासून वाडीपर्यंत तीन किलोमीटर लाल चिखल, मधे ओढा नि ओढ्याच्या अलीकडं खडी चढण. वाडीत एक जीप होती. मागच्या फळीवर हातभर अक्षरात फोर-बाय-फोर लिहिलेलं. बाईला आत घेतलं, ओढा कसाबसा ओलांडला आणि चढणीला गाडी उभी राहिली. लीव्हर टाकला, इंजिन ओरडलं, मागची चाकं जागच्या जागी फिरून चिखल उडवायला लागली, पुढची दोन ढिम्म. बॅटरी धरून खाली बघितलं तर पुढच्या चाकांना ताकद नेणारा जॉइंटच गायब. आधीच्या मालकानं डिझेल वाचावं म्हणून काढून ठेवला होता नि विकताना परत बसवला नव्हता. घेणाऱ्यानं दोन वर्षांत एकदाही वाकून बघितलेलं नव्हतं. अक्षरं मात्र दर दिवाळीला नव्यानं रंगवली जायची.

बाईला घोंगडीच्या झोळीत घालून आठ जणांनी उचललं. बाळ वाटेतच झालं, चौघांनी धरलेल्या प्लास्टिकच्या कागदाखाली. दोघं जगली, म्हणून ती गोष्ट आता कुणी काढत नाही. मी काढतो. कारण त्या रात्री रस्ता नव्हता हे जितकं खरं, तितकंच हेही खरं, की वाडीत जीप होती नि ती जीप नव्हती.

जीप आमच्या मुलखाला नवी नाही. महायुद्धासाठी बनलेली विलीज जीप महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत जोडायला घेतली. पुढं तिच्यात डिझेल इंजिनं आली, २००० साली बोलेरो आली, २०१० साली थार आली. पण आकारावर जाऊ नका. आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक बोलेरो मागच्या दोन चाकांवरच चालतात. दांडगी दिसते म्हणून ती चिखलातून निघेल असं नाही. निघते ती चारही चाकं ओढणारी, नि त्यातही जिच्यात लो गिअर आहे ती. थारचं जुनं अडीच लिटरचं टर्बो डिझेल इंजिन १०५ अश्वशक्तीचं होतं. आकडा काही फार मोठा नाही. पण फोर-लो मध्ये टाकलं की गाडी बैलाच्या चालीनं, न घसरता, भरल्या ओझ्यानं घाट चढते. डोंगरात वेगाचं काम नसतं, ओढीचं असतं.

आणि टर्बो म्हणजे काय? लोहाराचा भाता. इंजिनाचा जो धूर वाया जायचा, त्याच्यावर एक पंखा फिरतो. तो पंखा दुसरा पंखा फिरवतो नि जादा हवा इंजिनात कोंबतो. हवा जास्त, तर डिझेल चांगलं पेटतं, ओढ वाढते. हा पंखा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, नि त्याचा दांडा तरंगतो नुसत्या तेलाच्या पातळ थरावर. ज्यानं ऑइल वेळेवर बदललं नाही, ज्यानं घाट चढून आल्याआल्या चावी फिरवून इंजिन गपकन बंद केलं, त्यानं तो दांडा कोरडा घासला. घाट चढून आलेल्या बैलाला आबा लगेच पाण्यावर सोडत नसत, सावलीत उभा करत. टर्बोलाही मिनिटभर तसंच उभं करावं लागतं. एवढंच पथ्य. पण आधीच्या मालकानं ते पाळलं का, हे रंगावरून कसं कळणार?

ते कळतं दुसरीकडून. गाडी बघायला जायचं ते सकाळी, न सांगता. आधी बॉनेटला हात लावायचा. गरम लागला तर समजायचं, तुमच्यासाठी इंजिन आधीच तापवून ठेवलंय. थंड इंजिन किती वेळात चालू होतं, धूर कसला येतो, ते बघायचं. निळा धूर म्हणजे गाडी ऑइल खाते. काळा दाट धूर म्हणजे पंप-नोझलचं नाहीतर हवेचं दुखणं. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडायचं; आतून भकाभका धूर आला तर इंजिन कामाला आलंय. टर्बोच्या पाइपात ऑइल साचलंय का ते बोट घालून बघायचं. मीटर पंच्याऐंशी हजार सांगतंय नि क्लचच्या पायडलचं रबर झिजून लोखंड दिसतंय, तर रबराचं ऐकायचं. पायपुसणी उचलून सीटच्या पट्ट्या बघायच्या. तिथं गाळ नि गंज असेल तर ती गाडी कुठल्यातरी पुरात बसून आलीय. समुद्रकाठची गाडी असेल तर चासीवर हातोडी वाजवून बघायची.

आणि मग जुंपायची. मालकालाच म्हणायचं, चला, नांगरटीत नाहीतर ओढ्यात घालू. फोर-हाय, फोर-लो दोन्ही टाकून बघायचे. पुढची चाकं ओढतात का, हे एकानं बाहेर उभं राहून बघायचं. हे कोरड्या डांबरीवर बघू नये. वळणावर पुढची नि मागची चाकं वेगळं अंतर कापतात, गिअर एकमेकांशी भांडतात नि मोडतात. चारही टायर एका मापाचे नसले तरी तेच भांडण. जो विकणारा म्हणेल, "साहेब, चिखलात नको, आत्ताच धुतलीय," त्याला नमस्कार करून एसटीनं घरी यावं.

तुम्ही म्हणाल, एवढं कोण करतो? मी म्हणतो, चार लाखांच्या गाडीला एवढं करत नाही नि चाळीस हजारांच्या बैलाला करत होतो, तर शहाणे झालो की खुळे?

कागदांचंही तेच. आमच्याकडं टी.टी. फॉर्मवर सह्या घेऊन ठेवायच्या नि गाडी वर्षानुवर्षं जुन्याच नावावर फिरवायची, याला लोक हुशारी समजतात. नाव बदलायचा खर्च वाचतो म्हणे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट सांगितलंय, की अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याच्यावर. म्हणजे विकून मोकळा झालेला म्हातारा उद्या कोर्टाच्या पायऱ्या चढणार. विकणाऱ्यानं नाव बदलल्याशिवाय चावी देऊ नये. घेणाऱ्यानं चासी नंबर कागदाशी जुळवल्याशिवाय, फायनान्सचा बोजा उतरल्याचा दाखला हातात आल्याशिवाय, पैसे मोजू नयेत. सातबारावरचा बोजा तपासणारा माणूस गाडीवरचा का तपासत नाही, हे मला आजवर उमगलेलं नाही.

आता सरकारकडं वळतो, कारण तेही जुंपून बघत नाही. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ साली बंदी घातली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. मग तिकडच्या गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इकडं येऊ लागल्या. आपली पोरं "दिल्लीची गाडी, स्वस्तात" म्हणून त्यांच्यावर तुटून पडली. दिल्लीच्या हवेचं दुखणं खोटं नाही. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ साली कर्करोगकारक ठरवलंय. आमच्या फुप्फुसांना त्यातून सूट मिळालेली नाही. धूर ओकणारी गाडी डोंगरातही नकोच. पण वय हे माप चुकीचं आहे. दहा वर्षं नीट राखलेली गाडी असते नि चार वर्षांत मारलेली असते. पंधरा वर्षांनी पासिंग संपतं, मग पाच-पाच वर्षांनी नव्यानं करायचं असतं. ते पासिंग खरोखर गाडी तपासून करा. धूर मोजा, ब्रेक बघा, चासी बघा, नापास होईल ती भंगारात घाला. एजंटाच्या हातून गाडी न बघता कागद होणार असेल, तर आम्हीही फसणार नि हवाही.

शहरातल्या वाचकांनाही दोन शब्द. तुमच्यातले हौशी लोक ही जीप घेतात, मोठी टायरं चढवतात, वर्षातून चार रविवार आमच्या ओढ्यात खेळवतात, सड्यावरची फुलं तुडवतात नि फोटो काढून परत जातात. हौसेला मोल नसतं, पण त्या मोलानं जुन्या जीपचे भाव असे चढलेत, की दूध-भाजी खाली नेणाऱ्या माणसाच्या हाताला त्या लागत नाहीत. घ्यायचीच असेल तर घ्या. सड्यावर घालू नका, आणि विकताना पुढचा जॉइंट जागेवर ठेवून विका.

शेवटचं सांभाळण्याचं. घेणं एका दिवसाचं असतं, पोसणं रोजचं. चार लाखांची गाडी घेणार असाल तर आणखी लाखभर रुपये बाजूला असले पाहिजेत. क्लच-प्लेट, टायर, नोझल, हाउसिंगचं ऑइल ही पहिल्याच वर्षाची वैरण आहे. ती नसेल तर गाडी घेऊ नका, सोसायटीचं कर्ज काढून तर मुळीच नको. कॉमन-रेल इंजिनाला डिझेलमधलं पाणी चालत नाही. गंजक्या कॅनमधलं ओतलं की नोझल गेलेच. २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, ती मोकळी व्हायला गाडी अधूनमधून लांब पळवावी लागते. ज्याला रोज डेअरीपर्यंत दोन किलोमीटर जायचंय त्यानं ती नव्या मॉडेलच्या मोहानं घेऊ नये. आणि महिन्यातून एकदा तरी, गरज असो नसो, मऊ मातीत चारही चाकं लावून थोडं चालवावं. उभा राहिलेला बैल आखडतो, तसं तेही आखडतं.

ज्या वाडीला डांबरी नाही, त्या वाडीतली जीप एका घराची राहत नाही. साप चावलेला माणूस तिच्यातून जातो, अडलेली बाई जाते, प्रेतही जातं. ती दारात उभी करणाऱ्यानं रंग, भोंगा नि काळ्या काचा यांच्यावर खर्च करायच्या आधी खाली वाकून पुढचा जॉइंट बघावा. यंदाचा पाऊस पडायच्या आत बघावा.