वफादारीची परीक्षा खालच्यांचीच का?

डिसेंबर २०२३ मध्ये आठवड्याभराच्या अंतराने दोन बातम्या आल्या. ८ तारखेला कांद्याची निर्यातबंदी लागू झाली. १५ तारखेला मुंबई इंडियन्सने रोहित शर्माला बाजूला करून हार्दिक पांड्याला कप्तान केलं. आमच्या पिंपळगाव बसवंतचं पोट कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांवर चालतं. शेतकरी, हमाल, व्यापारी, ट्रकवाले, सगळ्यांचं. तरी पोरांच्या मोबाईलवर भांडण पेटलं ते दुसऱ्या बातमीवरून. रोहित आपला, हार्दिक गद्दार!

मित्रांनो, फ्रँचायझीच्या खेळात 'गद्दार' हा शब्द कुठून आला? तिथे लिलाव असतो, बोली असते, करार असतो. हार्दिक गुजरातला गेला, २०२२ मध्ये त्यांना आयपीएल जिंकून दिली, परत आला. बाजार समितीत जास्त भाव देणाऱ्याला माल घालणाऱ्या शेतकऱ्याला आपण गद्दार म्हणतो का? एप्रिल २०२४ मध्ये वानखेडेवर हार्दिकची हुर्यो उडाली. ४ जुलैला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप घेऊन संघ आला, तेव्हा त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. अमेरिकेत बास्केटबॉलमध्ये हेच झालं होतं. ८ जुलै २०१० रोजी लेब्रॉन जेम्सने टीव्हीवर खास कार्यक्रम करून क्लीव्हलँडचा संघ सोडत असल्याचं सांगितलं. चाहत्यांनी त्याच्या जर्सी जाळल्या. एका निर्णयासाठी अख्खा कार्यक्रम करणं हा अहंकार होता, मान्य. पण करार संपल्यावर मालक बदलणं हा काम करणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे.

वफादारी मोजायचीच असेल तर ती वेगळ्या ठिकाणी मोजा. आपल्या शेजारी बसून खेळलेल्या माणसावर वेळ येते, तेव्हा तारा काय करतो ते बघा.

फेब्रुवारी २०२१. वसीम जाफरने उत्तराखंडच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा दिला. संघनिवडीत हस्तक्षेप होतो, हे त्याचं कारण. लगेच त्याच्यावर आरोप झाला की तो संघात धर्म आणतो. रणजी करंडकात १२ हजारांहून अधिक धावा करणारा, मुंबईला कप्तान म्हणून सलग दोनदा रणजी जिंकून देणारा हा माणूस. त्याला पत्रकारांसमोर बसून एकेका आरोपाला उत्तर द्यावं लागलं. अनिल कुंबळे त्याच्या बाजूने बोलला. इरफान पठाण बोलला, मनोज तिवारी बोलला. मुंबईच्या बड्या नावांनी मौन पाळलं. अजिंक्य रहाणे जाफरच्या कप्तानीखाली मुंबईकडून खेळलेला. चेन्नई कसोटीच्या आधी पत्रकारांनी विचारलं, तर या विषयाची आपल्याला काही कल्पना नाही, असं म्हणून त्याने विषय संपवला.

आता त्याच महिन्याची सुरुवात आठवा. शेतकरी आंदोलनावर परदेशातून एक ट्वीट आलं आणि आपल्या ताऱ्यांना एकाएकी कंठ फुटला. सचिन तेंडुलकर बोलला, रहाणेही बोलला. एकीचा संदेश, सगळ्यांचा साधारण एकच सूर. काही दिवसांपूर्वीच नाशिकहून शेतकरी मोर्चाने मुंबईला गेले होते, तेव्हा हा कंठ कुठे होता? म्हणजे ताऱ्यांना राजकारण कळत नाही, हे खोटं आहे. सत्तेच्या बाजूने बोलायला काही पडत नाही. सोबत्याच्या बाजूने बोलायला किंमत पडते.

ती किंमत मोजणारेही असतात. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत भारतीय संघ वंशभेदाविरुद्ध गुडघ्यावर बसला आणि सामना पाकिस्तानकडून हरला. त्या रात्री मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून शिव्या पडल्या. काही दिवसांनी कप्तान विराट कोहली पत्रकारांसमोर शमीच्या पाठीशी स्पष्टपणे उभा राहिला. त्यानंतर त्याच्या तान्ह्या मुलीपर्यंत धमक्या पोचल्या. मैदानावरचा कोहली किती गर्विष्ठ, यावर वाद घाला. मला त्या दिवशीचा कोहली पुरे आहे.

आणि ज्या क्लीव्हलँडमध्ये लेब्रॉनच्या जर्सी जळल्या, तिथेच ४ जून १९६७ रोजी बिल रसेल आणि इतर कृष्णवर्णीय खेळाडू मुहम्मद अलीसोबत बसले होते. अलीने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला होता. त्याचा किताब काढून घेतला होता, तुरुंग समोर होता. रसेल बास्केटबॉलचा सम्राट, मुसलमान नव्हे. तरी सगळ्यांसमोर अलीच्या शेजारी बसला. विद्यार्थीदशेतला लू अल्सिंडरही तिथे होता, पुढे जो करीम अब्दुल जब्बार झाला.

आता आपल्याकडे वळतो. मार्च २०२५ मध्ये शमी पुन्हा दुबईत खेळत होता. रमजानचा महिना, सामन्यात तो पाणी पिताना दिसला. बरेलीच्या एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवलं. प्रवासातल्या माणसाला रोजा नंतर ठेवण्याची सवलत आहे, हे मदरशातल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी आपल्यातल्या कितीतरी जणांनी तो व्हिडिओ पुढे ढकलला. २०२१ मध्ये शमीकडे देशाच्या वफादारीचा दाखला मागितला गेला, २०२५ मध्ये दीनच्या. मागणारे वेगळे, खोड एकच. परीक्षा नेहमी त्याची, ज्याच्या पाठीशी कमी लोक आहेत.

ही खोड मोडायला स्टार व्हावं लागत नाही. आपल्या टेनिस बॉलच्या टीममध्येही कप्तान असतो, मैदानही असतं. पाकिस्तानच्या सामन्यानंतर आपल्या पोराला कुणी 'तुमची टीम' असा टोमणा मारला, तर आपल्या हिंदू कप्तानाने तिथल्या तिथे बोलावं, ही अपेक्षा रास्त आहे. मग आपल्याच मोहल्ल्यात एखाद्या मुलीला बॅट हातात घेतली म्हणून अडवलं, किंवा एखाद्या आदिवासी मजुराच्या पोराला पाणी द्यायलाच ठेवलं, तर आपणही तिथल्या तिथे बोललं पाहिजे. त्या वेळी आपण 'कल्पना नाही' म्हणणार असू, तर रहाणेला नावं ठेवायचा आपल्याला अधिकार नाही.