एकाचे औषध दुसऱ्यास देऊ नये

“त्यास गुण आला, तुलाही येईल,” असे म्हणून एकाचे उरलेले औषध दुसऱ्यास देण्याची चाल आपल्या पुष्कळ घरांत आहे. हेतू मायेचा असतो. तथापि ही चाल अजिबात सोडावी, असे माझे मत आहे. त्याचे कारण आपल्या यकृतात सापडते.

पुष्कळ औषधे पाण्यात सहज विरघळत नसल्यामुळे शरीराबाहेर लवकर पडत नाहीत. यकृतातील ‘सायटोक्रोम पी-४५०’ वर्गाची एन्झाइमे प्राणवायूचा एक अणू औषधाच्या रेणूत घालतात. त्यामुळे त्याचे रूप पालटून तो बाहेर टाकणे सुलभ होते. मात्र प्रत्येक एन्झाइम रेणूची ठराविक जागाच निवडते.

अफूत आढळणाऱ्या कोडीन या वेदनाशामकाचेच उदाहरण घ्या. ‘३ए४’ नावाचे एन्झाइम त्याच्या रेणूतील नायट्रोजनला जोडलेला मिथिल गट काढते व नॉरकोडीन बनते. ‘२डी६’ हे प्राणवायूच्या अणूला जोडलेला तसाच गट काढते व मॉर्फीन बनते. वेदना शमते ती मुख्यतः या मॉर्फीनने.

आता मौज अशी, की ‘२डी६’चे सामर्थ्य सर्वांत सारखे नसते, ते जन्मतःच ठरते. कोणात ते जवळजवळ नसते. त्यास गुण येत नाही. कोणात ते फार प्रबळ असते. त्याच्या शरीरात मॉर्फीन त्वरेने साचून श्वास मंदावतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर नेहमीच्याच मात्रेत कोडीन दिलेली काही बालके अशाने दगावली. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने २०१३ साली याविषयी कडक इशारा दिला, आणि २०१७ साली बारा वर्षांखालील मुलांना वेदनेसाठी वा खोकल्यासाठी कोडीन देऊ नये, असे ठरविले.

वैद्याकडे जाण्यास वेळ व पैसा लागतो, हे मी जाणतो. परंतु मुलाचे यकृत कोणत्या जातीचे आहे, हे मुद्रा पाहून आईलाही कळत नाही, आणि शेजाऱ्याला तर नाहीच. सख्ख्या भावंडांतही हा भेद असू शकतो. तेव्हा पालकहो, उरलेली बाटली दुसऱ्या मुलासाठी राखून ठेवू नका. आणि विद्यार्थिमित्रहो, सोबत्याने प्रेमाने पुढे केलेली गोळी तितक्याच प्रेमाने परत करा.