माझा गुरुवार कुणी पळवला?

परवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी सकाळी एक लेख येऊन पडला. वर ‘अप्रतिम, शेवटपर्यंत वाचा’, खाली हात जोडलेल्या बाहुल्यांची रांग. तिसऱ्या ओळीपाशी ओळख पटली. लेख माझाच, माझ्या ब्लॉगवरचा, चांगला जुना. लेखकाच्या जागी ‘नाशिकच्या एक निवृत्त शिक्षिका’ आणि त्याखाली दरडावणी: नावासह पुढे पाठवावे.

चोरीबद्दल रडणं मी सोडलंय. नेहमीच्या वाचकांनी ते पूर्वी भरपूर ऐकलंय, आणि पुलंच्या नावावर रोज काय काय खपतं ते बघता माझं फारच स्वस्तात निभावलं. त्या बाई बहुधा अस्तित्वातही नसतील. माझं डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. लेख होता गुरुवारच्या दुपारवर, आणि कुणीतरी शोधून शोधून प्रत्येक ‘गुरुवार’चा ‘रविवार’ केला होता. शिवाय शेवटी माणुसकीवर एक परिच्छेद चिकटवला होता, तो वेगळाच.

आता त्या लेखात रविवारी मुलं शाळेत गेलीयत, बायको बँकेत गेलीय आणि घरात एकटा बाप साबुदाण्याची खिचडी खात बसलाय. ग्रुपवर एकानंही विचारलं नाही, की बाबा रे, रविवारी कुठली बँक उघडी असते?

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सगळ्या राज्यातले कारखाने एकाच दिवशी बंद आणि एकाच दिवशी चालू राहिले तर विजेचा तोल बिघडतो, म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले. आमच्या वाट्याला गुरुवार आला. ज्यानं कुणी तो ठरवला, त्यानं विजेचा हिशेब केला असेल. घरचा केला नाही. अख्खा महाराष्ट्र रविवारी मटणाच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभा राहतो. आमची सुट्टी दत्ताच्या वारी! घरात स्वामींची आरती, ताटात वरी-साबुदाणा. मार्गशीर्षात तर बोलूच नका. लग्नं रविवारी, शाळेतल्या पालकसभा शनिवारी, म्हणजे दोन्हीला रजा टाका. आणि सुट्टीच्या दिवशी जरा पंख्याखाली पडावं म्हटलं तर लाइट नाही, कारण कारखाने बंद असतात म्हणून तारांची दुरुस्तीही गुरुवारीच.

आमच्या भागातले मराठी ब्लॉग याच रिकाम्या दुपारींनी लिहिले, असं माझं ठाम मत आहे. घरात बोलायला कुणी नाही, शेजारी ऑफिसात, मित्र असले तर तेही असेच एकेकटे. टूलरूममधला, क्वालिटीतला, स्टोअरमधला माणूस लाइट आली की संगणकापुढे बसायचा आणि मराठी टायपिंगचं ‘बरहा’ उघडून अक्षरं जुळवायचा. कुणी गडकिल्ले लिहायचा, कुणी आईची भाजणी. नव्या ब्लॉगवर ओळीनं गुरुवारच्या तारखा दिसल्या की मी मनात म्हणायचो, हा आपल्या पट्ट्यातला.

इतिहास थोडक्यात उरकतो. मायबोली ही वेबसाइट १९९६ची. ब्लॉगर १९९९मध्ये निघालं, २००३मध्ये गूगलनं घेतलं. युनिकोड आलं आणि मराठीची फॉन्टच्या तुरुंगातून सुटका झाली. मराठीब्लॉग्स.नेटवर नव्या नोंदी एकत्र दिसत. स्टार माझा वाहिनीनं ‘ब्लॉग माझा’ स्पर्धाही घेतली. जुलै २०१३मध्ये सगळे ब्लॉग एका जागी वाचायचं गूगल रीडर बंद झालं. तोवर बरीच मंडळी फेसबुकवर पोचली होती. आता माझ्या ब्लॉगवर प्रतिक्रिया येतात त्या कर्ज देणाऱ्यांच्या.

पण ब्लॉग मेला म्हणून गळा काढणाऱ्यांत मला धरू नका. माझा भाचा चाकणला असतो. त्याची सुट्टी फिरती, म्हणजे त्याला स्वतःचा असा वारच नाही. तळेगाव चौकात कंपनीची बस अडकली की तो फोन काढतो. सेकंड शिफ्ट सुटल्यावर कुठली भुर्जीची गाडी चालू असते, कॉट बेसिसवर खोली घेताना मालकाला काय विचारायचं, ठेकेदाराकडच्या पोरांनी पीएफ कसा तपासायचा, असले व्हिडिओ. मिनिटभराचे, पण प्रत्येकात तो स्वतः, स्वतःच्या नावानं. खाली पोरं विचारतात, ‘दादा, कुठला प्लांट?’ इतकी आपुलकीची चौकशी माझ्या ब्लॉगवर भरभराटीच्या काळातही कुणी केली नाही.

शुद्धलेखनाचा मात्र आनंद आहे. परवा पडद्यावर ‘पाणि’ लिहिलेलं बघून मी त्याला फोन केला. तेव्हापासून तो सगळा मजकूर आधी मला पाठवतो, मी ऱ्हस्व-दीर्घ नीट करून परत धाडतो. एकदा विचारलं, ‘अरे, खाली कुठं मामाचं नाव टाकशील की नाही?’

म्हणाला, ‘मामा, रीलमध्ये एवढी जागा कुठं असते?’