अरबांचा धडा देवळीपासून सुरू करा

वर्धा जिल्ह्यातल्या शाळांत इतिहास-भूगोल शिकवणारे सर आणि मॅडम, शाळा व्यवस्थापन समितीवरचे पालक आणि गावच्या वाचनालयाच्या कपाटाची चावी ज्यांच्या हाती आहे ती मंडळी, तुम्हा सगळ्यांना एक विनंती आहे. अरबांची भाषा, त्यांचा इतिहास, त्यांची राहणी हा विषय वर्गात आणा. आणि त्यासाठी वरून तयार संच येईल म्हणून वाट पाहू नका.

आज आपल्या मुलांना अरब कुठे भेटतो? सिनेमात, मोबाइलवरच्या व्हिडिओत, नाहीतर दुबईला गेलेल्या कुणाच्या तरी फोटोत. उंट, वाळू, तेल आणि बॉम्ब यांपलीकडे चित्र जात नाही. शाळेत ते कुणी दुरुस्त केलं नाही तर माणूस म्हातारा होईपर्यंत तसंच राहतं. गावातली मोठी माणसं पाहा, म्हणजे पटेल.

साहित्य कुठून आणायचं, हा पहिला प्रश्न. माझं उत्तर आहे, देवळीहून. वर्ध्याजवळच्या या गावात राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा ताम्रपट सापडला. शके ८६२, म्हणजे इसवी सन ९४० चा. नागपूर-नंदिवर्धन भागातलं एक गाव दान दिल्याचा तो दस्तऐवज आहे. म्हणजे आपला हा मुलूख तेव्हा राष्ट्रकूटांच्या राज्यात होता. याच राष्ट्रकूट राजांना अरब प्रवासी आणि भूगोलकार ‘बल्हरा’ म्हणत. वल्लभराज या बिरुदाचं ते अरबी रूप. सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याच्या नावावर असलेल्या, इसवी सन ८५१ च्या सुमाराच्या वृत्तांतात जगातल्या चार थोर राजांत या बल्हराची गणना केली आहे. पुढे बगदादचा अल-मसूदी ९१६ च्या सुमारास कोकणात चौलला येऊन गेला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं त्याने लिहून ठेवलं.

आता याच्या जोडीला पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीचा ताम्रपट घ्या. शके ८४८, म्हणजे ९२६ सालचा. त्यात संजाणच्या कारभाऱ्याचं नाव येतं मधुमती. हा मधुमती म्हणजे मोहम्मद, जातीने ताजिक, म्हणजे अरब. राष्ट्रकूटांनी नेमलेला अधिकारी. त्याने नदी ओलांडायला फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्र घातलं. त्याच्याच संमतीने देवीचं देऊळ असलेल्या मठिकेला जमीन मिळाली. सातवी-आठवीच्या मुलांसमोर ही हकिकत ठेवा आणि गप्प राहा. प्रश्न तेच विचारतील. हे सगळं एका तासात सांगता येतं आणि लागतो फक्त एक नकाशा. त्यावर वर्धा, देवळी, चौल, संजाण आणि बगदाद एवढ्या पाच जागांवर मुलांच्याच हाताने खुणा करून घ्या.

दुसरा धडा कापसाचा. तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तो वर्ध्याच्या मुलाला जितका कळेल तितका पुण्याच्या मुलाला कळणार नाही. १९३७ साली याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीकडे नव्या शिक्षणाचा, म्हणजे नई तालीमचा, आराखडा सोपवला गेला. नई तालीमवाल्यांचा एक लाडका शब्द होता, समवाय. हातातल्या उद्योगाला धरून बाकीचे विषय शिकवायचे. टकळीवर सूत काढता काढता गणित, भूगोल, इतिहास. आज टकळी गेली, पण कापूस कुठे गेला? तो शाळेच्या कुंपणाला लागून उभा आहे.

तर त्या कापसाला धरून मुलांना इजिप्तला न्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेकडची बंदरं अडवली गेली आणि इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला. भाव आभाळाला भिडले. नाईलकाठच्या शेतकऱ्याने कापूस पेरला, आपल्या वऱ्हाडात आणि वर्ध्याच्या खोऱ्यातही कापसाखालची जमीन वाढली. हिंगणघाटचा कापूस इंग्रज व्यापाऱ्यांना चांगला ठाऊक होता. वर्धा हा वेगळा जिल्हा झाला तोही १८६२ मध्ये, याच धामधुमीत. १८६५ ला युद्ध संपलं, अमेरिकेचा माल परत आला, भाव कोसळले. १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, १८६९ ला सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून निघालेल्या गाठींना आफ्रिकेला वळसा घालायची गरज उरली नाही. इजिप्तच्या राज्यकर्त्यांनी मात्र तेजीच्या भरवशावर आणि पुढेही डोईजड कर्ज काढलं. अखेर १८८२ मध्ये इंग्रजांची फौज तिथे उतरली.

भाव पडला की घरात काय होतं, हे आपल्या पोरांना शिकवावं लागत नाही. म्हणून नाईलकाठचा तो शेतकरी त्यांना लगेच ओळखीचा वाटतो. वर्गात जिनिंगमधली मूठभर रुई ठेवा. लांब धाग्याचा इजिप्शियन कापूस मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर अडत नाही.

गणिताच्या तासाला जमलं तर दोन मिनिटं काढा. शून्यासकट आपले अंक बगदादमार्गे युरोपात गेले. युरोप त्यांना अरबी म्हणतो आणि अरब मात्र हिंदी म्हणतात. एवढं पुरे.

गोष्टींसाठी जास्त वेळ ठेवा. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे मुलांना ठाऊक असतात, निदान असायला हवेत. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेलं आणि आठव्या शतकाच्या मध्यास इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणलं. तिथे हे कोल्हे ‘कलीला’ आणि ‘दिम्ना’ झाले. हा अनुवाद अरबी गद्याचा आजही आदर्श मानला जातो. उलट दिशेने आलेलं पुस्तकही आपल्याकडे आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’. जुन्या वाचनालयात कपाटाच्या तळाशी त्याची प्रत असण्याचा संभव आहे, शोधा. फक्त एक सांगून ठेवा. अल्लाउद्दीन आणि अलीबाबा या गोष्टी जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आंत्वान गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराने हन्ना दियाब नावाच्या सीरियन ख्रिश्चन तरुणाकडून त्या ऐकल्या आणि पुस्तकात घातल्या. कोणतं साहित्य कुठून आलं हे तपासायची सवय मुलांना इथेच लागते.

आता भाषेकडे येतो. इथे पालकांच्या कपाळाला आठी पडते. “आमच्या पोराला अरबी कशाला? तो मदरशाचा विषय.” त्यांना पवनारला पाठवा. विनोबा भाव्यांनी १९३९ च्या सुमारास, वयाची चाळिशी उलटल्यावर, धाम नदीच्या काठावर बसून अरबी अक्षरं गिरवली. कारण शेजाऱ्याचा ग्रंथ मुळातून वाचायचा होता. १९६२ मध्ये त्यांनी केलेली कुराणातल्या वेच्यांची निवड प्रसिद्ध झाली, ‘कुरान-सार’ या नावाने ती नागरीतही वाचायला मिळते. त्याच वर्ध्यात १९४२ साली हिंदुस्तानी प्रचार सभा निघाली होती आणि माणसाने नागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्या शिकाव्यात असा गांधीजींचा आग्रह होता. दुसऱ्याची लिपी शिकली म्हणून इथे कुणाचा धर्म बुडाला नाही.

शाळेत पूर्ण भाषा शिकवा असं मी म्हणत नाही. अठ्ठावीस अक्षरांची ओळख, उजवीकडून डावीकडे लिहिण्याची गंमत, स्वतःचं नाव लिहिता येणं, दहापर्यंत आकडे आणि चार अभिवादनं, इतकं आठवडाभरात होतं. अरबीत प, च आणि ट यांना अक्षरच नाही. तेव्हा वर्गातल्या प्रकाशचं किंवा चैतालीचं नाव कसं लिहायचं, यावर मुलं अर्धा तास खूश राहतात. तहसील, तालुका, जिल्हा, दाखला, अर्ज, हक्क, वारस हे शब्द अरबीतून आलेत, हे घरातले कागद वाचायला लावून दाखवा.

शिकवणार कोण? जवळच्या उर्दू शाळेतल्या सरांना बोलवा. मानाने बोलवा, चहा पाजा आणि वर्ग त्यांच्या हाती द्या. पण आधी एकमेकांत ठरवून घ्या की हा भाषेचा तास आहे, धर्माचा नाही. कुराणाचा उल्लेख अरबी साहित्याच्या इतिहासात येणारच, आला तर येऊ द्या. दुआ पाठ करून घेणं वेगळं. ज्या विद्यार्थ्याला पुढे जायचंय त्याला दहावीला आणि बारावीला राज्य मंडळाचा अरबी विषय आहे, आणि राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचे अरबीचे प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रमही आहेत.

एका घोळापासून सावध राहा. अरब आणि मुसलमान हे एकच, असं समजून बरेच शिक्षक शिकवतात. इराणी अरब नाहीत, तुर्क नाहीत, इंडोनेशियन तर नाहीतच. उलट लेबनॉन आणि इजिप्तमध्ये ख्रिश्चन अरब पिढ्यान्‌पिढ्या राहतात. समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीदांचा दर्गा आहे, तिथे सहल जरूर न्या. सुपारीसारखे दगड आणि त्यांची दंतकथा मुलांना आवडेल. पण तिथे अरब शोधू नका. परंपरा ज्या बाबा फरीदांचं नाव सांगते ते पंजाबचे, त्यांची वचनं पंजाबीत, आणि ती शिखांच्या ग्रंथसाहिबातही आहेत.

या सगळ्याला एक पेटी पुरते. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेचा मोठा नकाशा, अक्षरांचे पुठ्ठे, देवळी आणि चिंचणीच्या ताम्रपटांची मराठीत एकेक पानाची हकिकत, रुई, खजुराची बी, वाचनालयातून आणलेली दोन पुस्तकं. एका शाळेला जड जात असेल तर केंद्रातल्या शाळांनी मिळून करावी आणि पाळीपाळीने फिरवावी. अरबी भाषा दिन १८ डिसेंबरला असतो, १९७३ मध्ये त्या तारखेला ती संयुक्त राष्ट्रांची अधिकृत भाषा झाली. दिवाळीची सुट्टी संपली की पेटीच्या कामाला लागलात तर त्या दिवशी पहिला तास होऊ शकेल.

आणि पालकांपैकी कुणाचा मुलगा आखातात कामाला निघाला असेल, तर त्यालाही त्या तासाला मागच्या बाकावर बसू द्या. तिथला करारनामा अरबीत असतो. निदान त्यातले आकडे त्याला स्वतः वाचता यावेत.