गादीखालची पट्टी

आमच्या समाजाच्या ट्रस्टनं यंदा औषधदानाच्या निधीतून एका दवाखान्याला तीस खाटांसाठी गादीखाली घालायच्या पट्ट्या द्यायचं ठरवलं आहे. दात्यांच्या नावांची संगमरवरी पाटीही कोरायला गेली म्हणे. या ठरावाला माझा विरोध आहे. बैठकीत बोलले नाही, कारण आम्हा बायकांना आत बोलावलं ते अल्पोपाहाराच्या वेळी, आणि तोवर ठराव होऊन गेला होता. म्हणून इथं लिहिते.

पट्टी काय करते ते आधी सांगते, नाहीतर "यांना यंत्रातलं काय कळतंय" हे ठरलेलंच. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला आपलं सगळं अंग किंचित हादरतं. आपल्याला ते जाणवत नाही, पट्टीला जाणवतं. श्वासानं छाती वर-खाली होते तेही. त्यावरून ती नाडी आणि श्वास मोजते आणि वाय-फायवरून नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर पाठवते. अंगाला वायर नाही, चिकटपट्टी नाही. पेशंट खाटेवरून उठला की घंटा वाजते. मनगटाला आणखी एक पट्टा असतो; त्यातली चिप खूण पाठवत राहते आणि भिंतीवरचे रिसीव्हर सांगतात की पेशंट एक्सरेला गेलाय की जिन्यापाशी उभा आहे. आता तर अंगाला काही न लावता, नुसत्या रेडिओलहरींवरून श्वास मोजायची विद्या आली आहे. अमेरिकेत एमआयटीच्या दीना कताबी यांच्या गटानं २०१३ मध्येच भिंतीपलीकडच्या माणसाची हालचाल वाय-फायच्या लहरींनी टिपून दाखवली होती.

हे सगळं कुचकामी आहे असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. गेल्या वर्षी माझ्या आत्याला न्यूमोनिया झाला. वय एक्याऐंशी. दुसऱ्या रात्री दोन वाजता तिचा श्वास वाढला, पट्टीनं घंटा वाजवली, डॉक्टर धावत आले. चार-चार तासांनी नाडी बघणाऱ्याच्या हातून ते सुटलं असतं. त्या रात्रीचं ऋण मी मानते.

पण पाचवी रात्रही मी बघितली. ताप उतरलेला होता. पहाटे आत्या खाटेवरून उतरून, खाली चटई टाकून सामायिकाला बसली. अठ्ठेचाळीस मिनिटं. लग्न झाल्यापासून तिनं ते चुकवलेलं नाही. घंटा वाजली. सिस्टर आली, "अज्जी, मल्कोरी" म्हणून तिला उचलून वर निजवलं. दुसऱ्या पहाटे परत तेच. तिसऱ्या दिवशी खाटेचे दोन्ही कठडे वर केले. सामायिकात काया सोडायची असते. इथं कायेनं जरा हालचाल केली की वॉर्ड जागा! आत्या मला म्हणाली, "चोरी करताना सापडल्यागत वाटतंय गं."

त्याच रात्री, सलाईन चालू असल्यामुळं, तिला लघवीला लागली. कठडे वर, उतरता येईना. तिनं बटण दाबलं. मी खाली औषधं आणायला गेले होते. परत आले तर चादर भिजलेली आणि आत्या भिंतीकडं तोंड करून पडलेली. जिनं जन्मभर सोवळ्यानं दिवस काढले तिच्या मनाचं काय झालं असेल, ते बायकांना सांगायला नको. सिस्टरला दोष देऊ नका. चाळीस खाटांना ती एकटी होती आणि पलीकडं दुसरी घंटा वाजत होती. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक साध्या दवाखान्याला पाच पेशंटमागं एक नर्स असा आहे.

तेवढ्यात पुण्याहून आतेभावाचा फोन. त्याच्या मोबाईलवर आईचा आलेख दिसायचा. "आई छान झोपलीय, ठोके एकदम नॉर्मल." खोटं नव्हतं ते. ठोके नॉर्मलच होते.

घंटा वाढवून पडणं थांबतं का, हेही बघितलं गेलंय. अमेरिकेतल्या एका दवाखान्यात सोळा वॉर्डांमधून सत्तावीस हजारांवर पेशंटांचा अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये छापून आला. ज्या वॉर्डांत खाटेच्या घंटांचा वापर वाढवला, तिथं पेशंट पडण्याचं प्रमाण म्हणावं तसं कमी झालं नाही. तिथल्याच रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या जॉइंट कमिशननं २०१३ मध्ये इशारा दिला होता: वाजणाऱ्या घंटांपैकी ८५ ते ९९ टक्क्यांवर काही उपचार करावाच लागत नाही, त्यामुळं कान बधिर होतात आणि खरी घंटा ऐकून सुटते. साडेतीन वर्षांत त्यांच्याकडं अशा ९८ घटना नोंदल्या गेल्या, त्यात ८० माणसं गेली. घंटा सगळीकडं होत्या. उठून येणारं माणूस कमी पडलं.

आणि परवानगी? आत्याच्या अंगाची रात्रंदिवस नोंद ठेवायचा कागद इंग्रजीत होता आणि सही भाच्यानं केली. आत्या शुद्धीवर होती, तिला मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता येतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात तर अशी सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायला मिळावी अशी तरतूदच आहे, आणि मराठी-कन्नड दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. मग बायकांच्या वॉर्डातली कोण किती वेळा मोरीत गेली, किती वेळ आत होती, हे कुणाच्या पडद्यावर जातं आणि किती वर्षं राहतं, एवढं विचारलं तर "तुम्ही फार शंका काढता"? काढते. दळणाचा हिशेब विचारणाऱ्या बाईनं हा का विचारू नये?

आपल्यात दानं चार: आहार, औषध, ज्ञान, अभय. अंतरंग तपांमध्ये वैयावृत्य आहे, म्हणजे आजाऱ्याची, थकलेल्याची हातानं केलेली सेवा. तप म्हटलंय त्याला, कारण ते कंटाळवाणं असतं आणि त्याची पाटी लागत नाही. पट्टी खरेदी केली की फोटो निघतो. रात्रपाळीच्या सिस्टरचा पगार दर महिन्याला द्यायचा म्हटलं की ट्रस्टींचे चेहरे उतरतात. खरं भांडण इथं आहे, यंत्राशी नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. तीस पट्ट्या नकोत. जे खरोखर अत्यवस्थ असतात त्यांच्यासाठी दहा पुरेत. उरलेल्या पैशातून रात्रपाळीला दोन सिस्टर ठेवा. परवानगीचा कागद मराठीत आणि कन्नडात छापा, आणि शुद्धीवर असलेल्या बाईच्या वतीनं भाच्यानं सही करायची नाही. बरं वाटू लागलेल्या पेशंटची खाटेची घंटा तिनं सांगितलं तर बंद ठेवा.

पुढची बैठक दशलक्षण पर्वाच्या आधी आहे. आत्या येणार म्हणते, काठी घेऊन. आम्ही अल्पोपाहाराच्या तासभर आधी जाऊन बसणार आहोत.