मैदानालाही श्रोता हवा

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरातील केबल आम्ही बंद केली. त्यात तत्त्वनिष्ठा नव्हती, की त्यागही नव्हता. महिन्याचा आकार वाढत चालला होता, आणि आमचा धंदा संगीत शिकविण्याचा. पुढच्या खोलीत सहा वाजता शिकवणी भरे, त्याच वेळी आतल्या खोलीत सामना रंगात येई. इकडे एखादी मुलगी जिवाच्या आकांताने षड्ज लावून बसलेली आणि तिकडून चौकाराचा गलका! शेवटी दोहोंपैकी एक ठेवणे प्राप्त झाले, आणि ज्यावर घर चालते ते ठेवले. घरात मोबाइल आहे. पण संध्याकाळी तो शिकवणीत तानपुऱ्याचे काम करतो, म्हणून चिरंजिवांच्या हाती लागत नाही. आईंना त्यांची मालिका शेजारच्या काकूंकडे पाहावयास मिळते. अडचण उरली ती बारा वर्षांच्या मुलाची. दोन रविवार त्याने तोंड फुगवून काढले आणि तिसऱ्या रविवारी विचारले, "बाबा, मग मॅच पाहायची कुठे?"

या साध्या प्रश्नाचे साधे उत्तर आम्हांस चटकन सुचले नाही, याची आज लाज वाटते. बडोद्यात राहणाऱ्या माणसाला, सामना कोठे पाहावा, असा प्रश्न पडावा! त्या सकाळी शेंगदाण्याची पुडी व पाण्याची बाटली घेऊन आम्ही दोघे घरापासून पायी पंधरा मिनिटांवरच्या एका मैदानावर गेलो. दोन स्थानिक क्लबांचा सामना चालू होता. पत्र्याचा धावफलक, एक फाटका मांडव, त्याखाली गुणलेखकाचे टेबल. प्रेक्षक म्हणाल तर बारा-पंधरा, आणि तेही बहुतेक खेळाडूंचे आईबाप.

आम्ही बसताच गुणलेखकाजवळचे एक वृद्ध गृहस्थ आपुलकीने म्हणाले, "यातला तुमचा कोण?"

"आमचा कोणी नाही, काका. नुसते पाहायला आलो."

"नुसते पाहायला?" त्यांनी आमच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहून घेतले आणि आपली खुर्ची मुलाकडे सरकवली.

त्या दोन शब्दांत जे आश्चर्य होते ते अद्याप आमच्या कानांतून जात नाही. थोड्या वेळाने सीमारेषेजवळच्या एका सतरा-अठरा वर्षांच्या पोराने मागे धावत जाऊन अवघड झेल घेतला. आम्ही बापलेकांनी टाळ्या वाजविल्या. मुलाने चेंडू फेकला आणि टाळ्या कोणी वाजविल्या हे पाहण्यासाठी तो वळून शोधू लागला. महिनोन्‌महिने पहाटे उठून केलेल्या मेहनतीला कोणी परक्याने दाद द्यावी, याची त्याला सवयच नव्हती.

हे ज्या नगरीत घडले तिची कीर्ती काय आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. १९४७ सालच्या मार्चमध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोदे आणि होळकर या दोन संघांत याच शहरी झाला. ९१ धावांत बडोद्याचे तीन गडी गेले होते. त्यानंतर विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हजारे यांच्या २८८, गुल महंमद यांच्या ३१९. बडोद्याची धावसंख्या ७८४ झाली, आणि एक डाव व ४०९ धावांनी करंडक आपल्याकडे आला. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी एवढी मोठी भागी जगात दुसरी झाली नव्हती. हा विक्रम मोडावयास २००६ साल उजाडावे लागले.

आमचे वडील, ज्यांना घरीदारी सगळे नाना म्हणत, तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. राजवाड्यात उत्सवप्रसंगी तबल्याच्या साथीला बसणाऱ्यांत त्यांची नुकतीच वर्णी लागली होती. त्या सामन्यासाठी रियाज बुडविल्याबद्दल त्यांनी आजोबांचा मार खाल्ला. आम्ही त्यांचे पन्नाशीतले अपत्य; तरी लहानपणी ही भागी आम्ही त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की ती आम्हीच पाहिली असे वाटते. नाना म्हणत, "हजारे विलंबितात बसले होते आणि गुल महंमद द्रुतात, पण सम दोघांची एकच!" धावांचे आकडे त्यांना नेमके आठवत नसत. आठवे ते एवढेच, की शेजारी बसलेला एक अनोळखी कापडवाला एका फटक्यावर 'वाहवा' म्हणाला, आणि तेव्हा फटक्यातही जागा असते हे आपल्याला समजले.

त्या काळी गवई आणि खेळाडू हे दोघेही एकाच छपराखाली नांदत होते. ज्या दरबाराने मौलाबक्षांकडून १८८६ साली गायनशाळा काढविली आणि फैयाज खाँसाहेबांना पदरी ठेवले, त्याच दरबाराने सांगलीच्या हजाऱ्यांना बडोद्याचे करून घेतले. फत्तेसिंहराव गायकवाड तर स्वतः बडोद्याच्या संघातून रणजी सामने खेळले. जुम्मादादांची विद्या त्यांचे शिष्य माणिकराव यांनी व्यायाम मंदिराच्या रूपाने वाढविली. हुतूतूचे नियम छापून १९२३ साली अखिल भारतीय सामने भरविण्याचा मान बडोद्याच्याच हिंद विजय जिमखान्याचा. गाणे असो वा खेळ, जाणकार डोळे आणि कान येथे तयार होत असत.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. ते व्हावयासच हवे होते. त्याबद्दल आमच्या घरातही कोणी खंत केली नाही, जरी नानांची चाकरी पुढे सणावारच्या हजेरीपुरतीच उरली. राजाश्रय गेला, आता लोकाश्रय, असे तेव्हा सर्वतोमुखी झाले होते. पण लोकाश्रय म्हणजे काय, याचा विचार आपण पुरता केला नाही असे आता वाटते. आपण तो शब्द वर्गणी आणि तिकीट एवढ्याच अर्थाने घेतला. दरबार गवयाला नुसते वेतन देत नव्हता. समोर बसून ऐकतही होता. वेतनाची सोय आज संघटना करतात, प्रायोजक करतात. समोर बसावयाचे काम मात्र दुसऱ्या कोणाला सोपविता येत नाही. ते आपल्या वाट्याचे, आणि तेच आपण सोडून दिले आहे.

हा दोष दुसऱ्यांच्या माथी मारण्यापूर्वी आमचा स्वतःचा कबुलीजबाब देणे भाग आहे. १९५७-५८ च्या मोसमात दत्ताजीराव गायकवाडांच्या नेतृत्वाखाली बडोद्याने रणजी करंडक जिंकला, तो चौथ्यांदा. पाचवा करंडक यावयास २००१ साल लागले. रेल्वेविरुद्धचा तो अंतिम सामना मोतीबागेवर झाला आणि जेकब मार्टिन यांच्या संघाने तो अवघ्या २१ धावांनी जिंकला. आपल्या श्रीरामपूरहून आलेला झहीर खान त्या संघात होता. आम्ही तेव्हा विशीत होतो, सायकल धडधाकट होती, मोतीबाग काही काशी-रामेश्वर नव्हे. तरी आम्ही गेलो नाही. विजयाची बातमी दुसऱ्या दिवशी चहाबरोबर वर्तमानपत्रात वाचली. नानांना त्यांचा १९४७ चा मार्च आयुष्यभर पुरला; आम्हांस आमचा २००१ चा सामना मुलाला सांगता येत नाही, कारण तो आम्ही पाहिलाच नाही.

येथील जुन्या मराठी घरांस ही गोष्ट विशेष लागू आहे. पाचशे सत्याहत्तरचा आकडा आपल्याकडे देवघरातल्या टाकासारखा जपलेला असतो. पाहुणा आला की आपण तो काढून दाखवितो. पण आज बडोद्याच्या संघात खेळणाऱ्या पाच खेळाडूंची नावे सांगा म्हटले तर काय होईल? आम्ही मुलाला विचारले. त्याने दोन सांगितली, आणि ते दोघेही भारताकडून खेळलेले, म्हणजे पडद्यावर पाहिलेले. हसावे म्हटले तर आमचीही मजल त्यापुढे गेली नाही. पूर्वजांच्या नावावर जगणाऱ्या घराण्याची गत काय होते, हे गाण्याच्या क्षेत्रात आम्ही पुष्कळ पाहिले आहे. आजोबांच्या बंदिशी पेटीत जपून ठेवलेल्या असतात आणि घरात गळा कोणाचाच फिरत नाही.

यावर कोणी म्हणेल, की पडद्यावर सामना अधिक चांगला दिसतो. अगदी खरे आहे. चेंडू कसा वळला, पाय कोठे पडला, हे तेथे चार वेळा दाखवितात. मैदानाच्या कठड्यावरून ते निम्मेही कळत नाही. आम्हीही ध्वनिमुद्रिका ऐकूनच पुष्कळसे शिकलो, तेव्हा यंत्राची निंदा करण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण ध्वनिमुद्रिकेत आणि मैफलीत एक भेद आहे. आपण मान हलविली काय किंवा झोपी गेलो काय, ध्वनिमुद्रिकेला त्याचे सुखदुःख नसते. मैफलीत पुढच्या रांगेतल्या एका जाणकाराच्या मानेमुळे गवई वेगळे गातो. नवशिका असेल तर त्या एका दादेवर वर्षभर रियाज करतो. ऐकणाऱ्यालाही काही मिळते. वाहिनीवर 'फटका उत्तम' असे सांगणारा कोणी बसलेला असतो. मैदानावर ते आपले आपल्यालाच ठरवावे लागते. पहिल्या रविवारी आमच्या मुलाला धीमा फलंदाज कंटाळवाणा वाटला. चौथ्या रविवारी तो म्हणाला, "बाबा, हा मुद्दाम थांबलाय. दुसऱ्या बाजूच्याला खेळवतोय." हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

आणि केवळ क्रिकेटच पाहावे असेही नाही. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आम्ही मुलींचा खो-खो पाहिला. आठजणी एकाआड एक तोंडे करून बसलेल्या, नववी पाठलागावर. 'खो' क्षणभर आधी दिला तर चूक, क्षणभर उशिरा दिला तर गडी निसटला. लयीचा असा हिशेब आम्ही तबल्याबाहेर क्वचितच पाहिला होता. एका मुलीने खांबाजवळ असा काही सूर मारला की गाण्यातला सूर शिकविणारे आम्ही उठून उभे राहिलो. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी विजय मिळविला, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाचे निरोप एकमेकांस धाडले. त्या संध्याकाळी मैदानाभोवती मात्र नऊ माणसे होती, आम्ही मोजली.

मोठ्या सामन्यांना गर्दी होते, ही आनंदाचीच गोष्ट आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कोटंबीच्या नव्या मैदानावर भारत आणि वेस्ट इंडीज यांच्या महिला संघांचे सामने झाले, तेव्हा शहरातून लोक तेथवर गेले. पण देशाच्या संघात जाणारी मुलगी आधी कोणत्या तरी गल्लीजवळच्या मैदानावर, नऊ माणसांसमोर खेळत असते. त्या नऊंची संख्या नव्वद झाली तर तिला अधिक बळ येईल. संघात न जाणाऱ्या, पुढे नोकरी-संसारात पडणाऱ्या बाकीच्या मुलींनाही आपला खेळ कोणी पाहिला होता एवढे समाधान जन्मभर पुरेल. आमच्या शंभर विद्यार्थ्यांतून गवई एखादाच होतो. म्हणून उरलेल्यांचे गाणे ऐकूच नये काय?

दोष सगळा प्रेक्षकांचा आहे असे नव्हे. सामना केव्हा, कोठे आहे हे खेळाडूंच्या घरच्यांशिवाय कोणास कळत नाही. बसावयास सावली नाही, प्यावयास पाणी नाही, आणि बायकांसाठी स्वच्छ शौचालय नसेल तर घरच्या मंडळींना घेऊन यावे तरी कसे? क्लबांच्या चालकांना आमची विनंती एवढीच आहे: आठवडाभर आधी फाटकावर फळा लावा, दोन बाकडी आणि एक माठ ठेवा, शौचालयाचे कुलूप सामन्याच्या दिवशी तरी काढा. वेळापत्रक आमच्याकडे धाडल्यास गायन-वादनाच्या कार्यक्रमांशेजारी याच पानावर आम्ही ते आनंदाने छापू. त्याची जागा येथेच आहे असे आम्ही मानतो.

आणि वाचकांना विनंती अशी. केबल बंद करा असे आम्ही म्हणत नाही. ती ज्याच्या त्याच्या घरची गोष्ट आहे. महिन्यातून एक सकाळ काढा. ज्या सामन्यात आपला मुलगा, पुतण्या, भाची कोणीही नाही, अशा एका सामन्याला जा. नातवंडांना घेऊन जा. त्यांना पाचशे सत्याहत्तरची गोष्ट तेथे कठड्यावर बसून सांगा, म्हणजे ती पुराणकथा वाटणार नाही. आणि समोर कोणी चांगला झेल घेतला तर मोठ्याने दाद द्या.

आम्ही या रविवारीही जाणार आहोत. गुणलेखकाजवळचे काका आता आम्हांस 'तुमचा कोण?' असे विचारीत नाहीत. परवा त्यांनी मुलाला अकराही खेळाडूंची नावे लिहून दिली, आणि ती त्याला पाठ झाली आहेत.