टाकीत पाणी किती, कुणाला ठाऊक?

आमच्या भिशीत एकदा विषय निघाला, अमेरिकेत सगळ्यांत जास्त काय आवडलं? हल्ली गल्लीत दोन घरं सोडून तिसऱ्या घरातलं कुणी ना कुणी तिकडे जाऊन आलेलं असतं. कुणी नायगारा म्हणालं, कुणी तिथले रस्ते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मला बाई पाण्याच्या टाकीचे दिवे आवडले." सगळ्या खो खो हसल्या. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

२०१८च्या एप्रिलमधली गोष्ट. मुलगा-सून कॅलिफोर्नियात असतात. आम्ही दोघं तिकडे गेलो होतो आणि नातवंडांना सुट्टी होती. मुलानं लास व्हेगासहून आठ दिवसांसाठी मोटारहोम भाड्यानं घेतली. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. आत ओटा, शेगडी, फ्रीज, पलंग, न्हाणी, संडास, सगळं. डेथ व्हॅली, झायन आणि ग्रँड कॅनियन अशी वाळवंटातली राष्ट्रीय उद्यानं पाहायची होती. मी मनात म्हटलं, झालं! स्वयंपाकघरच बरोबर निघालंय, आपली कसली सुट्टी? तरी भाजणी आणि मेतकूट पिशवीत टाकलंच. सवय जाते का!

दाराजवळच्या भिंतीवर एक पट्टी होती. तिचं बटण दाबलं की दिवे लागायचे. चांगल्या पाण्याची टाकी किती भरली आहे, मोरीच्या पाण्याची किती, संडासाची किती. चांगलं पाणी साधारण दीडशे लिटर. आपलं निळं पिंप दोनशे लिटरचं असतं. म्हणजे एका पिंपाहून कमी पाणी आणि माणसं सहा! बहुतेक सरकारी तळांवर गाडीला नळ जोडायची सोय नसते. मुलगा समजावून सांगत होता आणि मला हसू येत होतं. मनमाडच्या बाईला पाण्याचा हिशेब शिकवतोस होय रे? आमच्याकडे कित्येक वर्षं पंधरा-वीस दिवसांनी नळ यायचा. पातेली, घागरी, ड्रम, गच्चीवरची टाकी, कुठे किती आहे आणि ते किती दिवस पुरेल, हे सगळं माझ्या डोक्यात. यांना मात्र सकाळी गरम पाण्याची बादली मोरीत तयार दिसायची. ती कुठून आली, हे विचारायचं कारणच कधी पडलं नाही.

डेथ व्हॅली हे नाव ऐकूनच धडकी भरते. १९१३च्या जुलैत तिथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं आणि जगातला उच्चांक म्हणून तेच सांगितलं जातं. आम्ही गेलो तेव्हा एवढं ऊन नव्हतं, तरी ओठ फुटले. बॅडवॉटर म्हणून जागा आहे, समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खाली. नजर जाईल तिथवर मीठच मीठ, आणि कडेला चुळकाभर पाणी, तेही खारट. नातू म्हणाला, "आजी, पाणी असून पिता येत नाही!"

त्याच संध्याकाळी घोटाळा झाला. सकाळी यांनी दाढी करताना नळ सुरूच ठेवला होता, वर मनसोक्त अंघोळ केली. दुपारी भांडी झाली. दिवे बघायचं कुणालाच सुचलं नाही. सूनबाई डोक्याला शाम्पू लावून उभी आणि पंप नुसताच घुरघुरायला लागला. पाणी संपलं! बिचारी डोळे मिटून, टॉवेल गुंडाळून हाका मारतेय. तळावरचा नळ बराच लांब होता. शेवटी मी पिण्याच्या पाण्याचे कॅन काढले, तिला मोरीशी वाकायला लावलं आणि वाटीवाटीनं डोकं धुऊन दिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण तिच्या केसांना माझा हात तेव्हा पहिल्यांदाच लागला. खालून म्हणाली, "आई, तुम्हाला किती कमी पाणी लागतं हो!" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. हे बाहेर खुर्चीवर गप्प बसून होते.

रात्री मुलानं फ्रीजवर कागद चिकटवला. दिवे बघणं नातीकडे, चांगलं पाणी भरणं सुनेकडे, भांडी त्याच्याकडे. आणि घाण पाण्याच्या टाक्या रिकाम्या करणं बाबांकडे! माझ्या तोंडून पटकन गेलं, "अरे, त्यांना कशाला? राहू दे, मी करते." सुनेनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मुलगा म्हणाला, "आई, तू बस." माझ्या नावापुढे त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. रिकामी जागा. त्या जागेकडे बघून मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही. उलट काहीतरी हातातून काढून घेतल्यासारखं वाटलं.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपण बायका तक्रार करतो की घरात कुणाला काही ठाऊक नसतं. तक्रार खरीच आहे. पण 'माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही' हे सांगताना आपला चेहरा कसा फुलतो, तेही आठवून बघा. गॅस कधी संपणार, डाळ किती उरली, पाणी कधी येणार, हा सगळा जुडगा आपण कमरेला लावून हिंडतो आणि तो जड होतो म्हणून रडतो. उन्हाळा आला की 'पाणी जपून वापरा, ताई' असे लेख येतात. नेहमी ताईच! दादा कुठे पाणी वापरतात? मला वाटतं, त्या गाडीची खुबी हीच होती की हिशेब कुणाच्या डोक्यात नव्हता, भिंतीवर होता. लहान पोरीलाही वाचता येत होता.

यांनी हातमोजे घातले. आधी संडासाची टाकी सोडायची, मग मोरीची, म्हणजे मोरीच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये जन्म काढलेला माणूस. घरचा संडास चाळीस वर्षांत एकदाही धुतला नव्हता. पण तिसऱ्या दिवशी झायनच्या तळावर शेजारच्या गोऱ्या आजोबांना हातवाऱ्यांनी नळी कशी धरायची ते दाखवत होते!

झायनचे लाल कडे काय वर्णावेत! तिथला १९३० सालचा बोगदा आमच्या गाडीला अरुंद, म्हणून समोरची वाहतूक थांबवून आम्हाला मधोमध सोडलं. पुढे पेज गावापासून ग्रँड कॅनियनकडे जाताना नॅव्हाहो आदिवासींचा मुलूख लागला. लहान लहान ट्रकवर पाण्याच्या टाक्या बांधून माणसं घरी चालली होती. तिथे साधारण दर तीन घरांमागे एका घरात नळ नाही, असं सुनेनं सांगितलं. अमेरिकेत! मी खिडकीला नाक लावून बघत राहिले. हे दृश्य मला मुळीच परकं नव्हतं. पुढे २०२३च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की १८६८च्या तहाप्रमाणे त्यांना पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलणं सरकारवर बंधनकारक नाही. बातमी वाचताना ते ट्रक आठवले.

ग्रँड कॅनियनच्या काठावर उभं राहिलं की बोलणंच बंद होतं. खाली तळाशी कोलोरॅडो नदी वाहते, पण आम्ही उभे होतो त्या दक्षिण काठावर प्यायचं पाणी येतं ते पलीकडच्या बाजूच्या झऱ्यातून, दरी ओलांडून आलेल्या जुन्या पाइपातून. २०२४च्या ऑगस्टमध्ये तो पाइप पुन्हा पुन्हा फुटला आणि काठावरच्या हॉटेलांतला रात्रीचा मुक्काम काही दिवस बंद करावा लागला होता. तिथला दगडी मनोरा मेरी कोल्टर नावाच्या बाईनं आखलेला, १९३२ सालचा. एवढ्या जुन्या काळी बाई वास्तुकार! तिचं घर कोण सांभाळत होतं, हा प्रश्न माझ्या मनात आलाच, आणि माझी मलाच लाज वाटली.

त्याच वर्षी मे महिन्यात मनमाडला परतलो. चार दिवसांनी पाहते तर गच्चीच्या जिन्यात कॅलेंडर टांगलेलं, त्यावर यांच्या अक्षरात नळ आल्याच्या तारखा. शेजारी टाकी मोजायची काठी, वीतभर अंतरावर खुणा केलेली. मी काही बोलले नाही. एका सकाळी मशीनमध्ये चादरी कोंबत होते, तर वरून आवाज आला, "अगं, आज चादरी नको लावूस. दोन वीतच पाणी आहे."

मला कोण राग आला! माझ्या घरात, माझ्या टाकीतलं पाणी, आणि मला सांगतायत? मग मी चादरी बाहेर काढल्या आणि दोघांचा चहा टाकला. कपभर पाणी जास्त पडलं, ते परत कळशीत ओतलं.